एक ॲक्शन, तीन बॅरल

एकाच रायफलीवर बॅरल बदलत राहायचं की प्रत्येक कामाला वेगळी रायफल ठेवायची, हा हिशेब कागदावर मांडला की नेहमी बॅरल बदलण्याच्या बाजूनेच लागतो. ॲक्शन (काडतूस मागून बंद करणारा बोल्ट ज्यात सरकतो तो भाग), ट्रिगर, स्टॉक, दुर्बीण एकदाच घ्यायची, पुढे फक्त नळ्या. अमेरिकेतल्या ६०० आणि १००० यार्डांच्या एफ-क्लास (झोपून, रायफल टेकवून, दुर्बिणीने नेम धरण्याच्या) सामन्यांसाठी आम्ही तीन बॅरलांचा हा संसार काही हंगाम चालवला: .३०८ विंचेस्टरचं ३० इंची, ६ मिमी बीआरचं २८ इंची आणि .२८४ विंचेस्टरचं ३२ इंची. शेवटी त्यातलं एक वेगळ्या रायफलीवर गेलं. ते का गेलं, हे कळायला आधी प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहावं लागेल.

ही तीनच काडतुसं का, तर तिघांच्या बुडाच्या कडेचा व्यास सारखा, .४७३ इंच. म्हणजे बोल्ट तोच चालतो. .२२३ रेमिंग्टनचं बूड .३७८ इंचाचं, त्याला बोल्ट किंवा निदान बोल्टचं डोकं वेगळं लागतं, आणि बोल्ट वेगळा म्हणजे फायरिंग पिन, तिची स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर सगळंच वेगळं. .२२३ चं बॅरल स्वस्तात मिळतंय म्हणून घेणारे इथेच फसतात.

बॅरल दोन प्रकारे बसतं. सॅव्हेजच्या पद्धतीत मागे एक मोठा नट असतो. बॅरल गो गेजला (चेंबरमध्ये ठेवायच्या किमान मापाच्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत फिरवायचं आणि नट आवळून तिथेच अडकवायचं. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस पुढे जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, दर वेळी आपणच ठरवायची, त्यामुळे दर वेळी चुकण्याची संधीही आपलीच. दुसऱ्या पद्धतीत बॅरलला खांदा असतो. खांदा ॲक्शनच्या तोंडावर टेकला की हेडस्पेस आपोआप ठरते, कारण ती लेथवर आधीच कापलेली असते. वारंवार बदलायचं असेल तर खांद्याचंच बॅरल घ्यावं, याबद्दल आमच्या मनात शंका उरलेली नाही. रेमिंग्टन ७०० च्या घडणीत बॅरल आणि ॲक्शनच्या मध्ये रिकॉइल लगची (धक्का स्टॉकवर देणाऱ्या दाताची) सुटी चकती असते. ती आवळताना किंचित फिरते आणि मग स्टॉकच्या खाचेत नीट उतरत नाही. एकतर ती पिनने ॲक्शनला पक्की करून घ्यावी, नाहीतर लग अंगचाच असलेली ॲक्शन घ्यावी.

सामान फार नाही. बाकाला बोल्टने जखडलेला बॅरल व्हाइस, बॅरलच्या व्यासाची ॲल्युमिनियमची बुशिंगं, ॲक्शनचा पाना, टॉर्क रेंच, प्रत्येक काडतुसाचं गो आणि नो-गो गेज, आटे पुसायला नायलॉनचा ब्रश, अँटी-सीझ पेस्ट. ॲक्शनचा पाना दोन जातींचा. एक बाहेरून ॲक्शनच्या पुढच्या कड्याला पकडतो. दुसरा मागून बोल्टच्या जागी आत सरकतो आणि बोल्टचे दात ज्या खाचांत बसतात त्यांत अडकतो. मागून जाणारा पाना सोयीचा, पण आपणच बेताने आवळलेल्या बॅरलापुरताच. कारखान्याचं पहिलं बॅरल त्याने काढायला जाऊ नये. ते कधीकधी इतकं घट्ट असतं की ॲक्शनलाच पीळ बसतो. ते बाहेरच्या पान्यानेच काढायचं. तरीही हललं नाही तर लेथवर खांद्यालगत एक बारीक खाच घेऊन ताण सोडवतात. ते बॅरल मग गेलंच, पण ॲक्शन वाचते.

आता क्रम. बोल्ट काढा, चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा. स्टॉकचे दोन्ही स्क्रू सोडून ॲक्शन बाहेर घ्या. दुर्बीण काढायची गरज नाही, ती ॲक्शनवर असते. मात्र दुर्बिणीच्या पट्टीचा सगळ्यात पुढचा स्क्रू तपासा. रेमिंग्टन ७०० च्या मापाच्या ॲक्शनमध्ये त्याचं भोक बॅरलच्या आट्यांपर्यंत आरपार असतं. स्क्रू अर्धा मिलिमीटर जरी लांब असला तरी त्याचं टोक आट्यांत रुततं. बॅरल हलत नाही म्हणून पान्यावर नळी चढवून जोर लावणाऱ्यांनी आट्यांचा चुरा केलेला आम्ही पाहिला आहे. हा स्क्रू एकदाच कानशीने आखूड करून टाकला की कायमची कटकट संपते.

बॅरल ॲक्शनच्या शक्य तितकं जवळ, जाड भागावर व्हाइसमध्ये धरा. पुढच्या निमुळत्या भागावर बुशिंग नीट बसत नाही आणि बॅरल घसरून ओरखडे पडतात. बुशिंग आणि बॅरल दोन्ही स्पिरिटने पुसून कोरडे हवेत. तरी घसरलं तर मध्ये जाड कागदाची पट्टी आणि चिमूटभर राळेची पूड घाला. मागून पाहताना ॲक्शन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की सुटते. एका झटक्यात ‘टक्’ असा आवाज येऊन सुटली तर सगळं ठीक. करकरत, अडखळत सुटली तर आटे एकमेकांना चिकटू लागलेत असं समजावं. स्टेनलेसचं बॅरल आणि स्टेनलेसची ॲक्शन असेल तर ही भीती खरी असते, म्हणून पेस्टचा कंजूषपणा नको आणि चोपडणंही नको. मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट आट्यांवर ब्रशने पसरली की पुरते. खांद्यावर अगदी पातळ थर. चेंबरमध्ये अजिबात नाही. चेंबर तेलकट राहिलं तर गोळी सुटताना पितळी केस भिंतीला धरून राहत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो.

नवं बॅरल चढवण्याआधी खांदा आणि ॲक्शनचं तोंड नखाने चाचपून पाहावं. आमच्या मते सगळ्या कामात हा अर्धा मिनिट सर्वांत मोलाचा. रेमिंग्टन ७०० च्या मापात इंचाला १६ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा १/१६ इंच पुढे नेतो. इंचाचा एक हजारांश भाग म्हणजे जेमतेम ५.८ अंशांची फिरत. ॲक्शनच्या कड्यावर ती दीड-पावणेदोन मिलिमीटर भरते. म्हणून बॅरल पहिल्यांदा नीट बसवलं की बॅरल आणि ॲक्शन दोन्हींवर समोरासमोर बारीक खूण करून ठेवायची. पुढच्या वेळी तेवढ्याच टॉर्कला खुणा दीड मिलिमीटरने चुकल्या तर खांद्यावर एक हजारांशाची काहीतरी घाण आहे. पितळेचा कण, जुन्या पेस्टची खपली, कधी पुसायच्या कापडाचा धागा. गेज लावायच्या आधीच खूण हे सांगून टाकते.

टॉर्क किती, यावर हवी तेवढी मतं मिळतील. बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून उडवणारे) हाताने घट्ट करून वर थोडंसं आवळतात, शिकारी रायफलींचे कारागीर १०० फूट-पाउंडांपर्यंत जातात. आम्ही ६५ न्यूटन-मीटरवर, म्हणजे ४८ फूट-पाउंडांवर स्थिरावलो. आकडा कोणता यापेक्षा तो दर वेळी तोच असणं महत्त्वाचं. गोळी उडवताना बॅरल सैल होईल ही भीती नवख्यांना असते. उजव्या पिळाच्या नळीत गोळी उजवीकडे फिरते, तिची प्रतिक्रिया बॅरलला उलट्या दिशेने ढकलते, आणि उजव्या आट्यांमध्ये ती दिशा आवळण्याचीच आहे. सैल झालेलं बॅरल पाहिलं तर बहुधा टॉर्क रेंचच वापरलेला नसतो.

मग गेज. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टरची स्प्रिंग काढून टाका, नाहीतर त्यांचाच रेटा हाताला लागतो आणि हेडस्पेस कमी असल्याचा भास होतो. .३०८ चं गो गेज १.६३० इंचाचं, नो-गो १.६३४. गो वर बोल्ट स्वतःच्या वजनाने किंवा एका बोटाच्या दाबाने बंद व्हावा, नो-गो वर होऊ नये. चार हजारांशांची ही फट सामन्याच्या रायफलीसाठी तशी ढगळ आहे. म्हणून गो गेजच्या बुडाला पारदर्शक सेलोटेपचा एक तुकडा लावून पाहावा. साधी टेप दोन हजारांशांच्या आसपास जाडीची असते, तरी मायक्रोमीटरने मोजून घ्यावी. टेपसकट बोल्ट बंद होत नसेल तर चेंबर घट्ट आणि छान. खांद्याच्या बॅरलाला दर वेळी गेज कशाला, असं म्हणणारे भेटतात. गेज लावायला एक मिनिट लागतो. केस फुटून गरम वायू बोल्टमधून तोंडावर येतो तेव्हा तो मिनिट आठवून काही उपयोग नसतो.

स्टॉकमध्ये परत बसवताना रायफल दस्त्यावर उभी करा, लग मागे टेकू द्या, आधी दोन्ही स्क्रू हाताने आणि मग टॉर्क रेंचने. पिलर (आत बसवलेले धातूचे खांब) असलेल्या स्टॉकला आम्ही ६५ इंच-पाउंड देतो, म्हणजे ७.३ न्यूटन-मीटर. वरच्या ६५ शी याची गल्लत करू नका, एककं वेगळी आहेत. दोन्ही आकडे मास्किंग टेपवर लिहून रेंचलाच चिकटवले आहेत, कारण गल्लत होतेच.

इथपर्यंत सरावलेल्या हाताला वीस मिनिटं पुरतात. लोक नेमकी हीच वीस मिनिटं मोजतात आणि खूश होतात. खरा खर्च पुढे आहे.

प्रत्येक नळीचा शून्य, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणणारी दुर्बिणीची जुळणी, वेगळा असतो. नळीतलं भोक कधीही अगदी सरळ नसतं, थोडं वाकतंच, आणि खांदा जिथे थांबतो त्या दिशेला ते वाकलेलं राहतं. आमचं .३०८ चं बॅरल शून्य धरलं तर ६ बीआर सव्वादोन मिनिटं (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर आणि पाऊण मिनिट उजवीकडे मारतं. हे वहीत लिहून ठेवता येतं. लिहून ठेवता येत नाही ती गोष्ट अशी की तेच बॅरल काढून पुन्हा बसवलं तर ते जुन्या जागी नेमकं येत नाही. पाव मिनिटाचा फरक नेहमीचा, अर्ध्या मिनिटाचा अधूनमधून. १००० यार्डांवर एक मिनिट म्हणजे साडेदहा इंच, आणि एफ-क्लासच्या निशाणावर दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं. म्हणजे केंद्रापासून पाच इंच सरकलं की नऊ. अर्ध्या मिनिटाच्या चुकीने पहिली गोळी वाया जाते. सामन्यात सराव-गोळ्या दोन मिळत असतील आणि वारा वाहत असेल, तर चूक वाऱ्याची की बॅरलची हे त्या दोन गोळ्यांत कळत नाही. म्हणून नियम केला: सामन्याच्या आदल्या दिवशीनंतर बॅरल बदलायचं नाही, आणि बदलल्यावर १०० यार्डांवर दहा-पंधरा गोळ्या उडवल्याशिवाय सामन्याला जायचं नाही. प्रत्येक बदलाला पंधरा गोळ्या धरा. हंगामात आठ बदल केले तर १२० गोळ्या नुसत्या शून्य करण्यात गेल्या, आणि त्या बॅरलच्या आयुष्यातूनच वजा होतात. .३०८ ला त्याचं काही वाटत नाही, ते ५००० गोळ्या सहज सोसतं. .२८४ चं बॅरल मात्र दोनेक हजारांतच थकतं.

काडतुसं स्वतः भरण्याच्या बाजूचा पसारा वेगळाच. प्रत्येक बॅरलचा थ्रोट (चेंबरपुढे पिळाच्या रेषा सुरू होतात ती जागा) वेगळा आणि तो झिजत पुढे सरकत असतो. गोळी त्या रेषांना कुठे टेकते ते माप दर तीनशे गोळ्यांनी घ्यायचं आणि त्या त्या बॅरलच्या पानावर लिहायचं. नवं बॅरल पहिल्या शंभर-दीडशे गोळ्यांत वेग वाढवतं, तेव्हा तोवर लोड (दारू आणि गोळीचं प्रमाण) ठरवण्यात अर्थ नसतो. एकाच काडतुसाची दोन बॅरलं ठेवणार असाल तर दोन्ही एकाच रीमरने (चेंबर कापायच्या हत्याराने) कापून घ्या आणि कारागिराला हेडस्पेसही तीच द्यायला सांगा. नाहीतर एका चेंबरमध्ये फुललेली केस दुसऱ्यात अडकते आणि पितळेचे दोन वेगळे डबे सांभाळावे लागतात.

वेगळ्या काडतुसांचा धोका उलटा आहे. ६ बीआरचं छोटं काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये सैलपणे आत जातं, अडत नाही. रेंजवर जाताना पेटीत फक्त चढवलेल्या बॅरलचीच काडतुसं असावीत, आणि बोल्टच्या शेजारी दिसेल अशी काडतुसाच्या नावाची रंगीत पट्टी. एकाच रायफलीवर काल वेगळं काडतूस होतं, हे हाताला आठवत नाही. वेगळ्या रायफलींमध्ये ही चूक होणं कठीण, कारण रायफल हातात घेताच ओळखू येते.

आता .२८४ कडे. बॅरल बदललं की फक्त बॅरल बदलतं, स्टॉक तोच राहतो. आम्ही .३०८ एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात चालवतो: दुपायी, मागे वाळूची पिशवी, रायफल आणि दुपायी मिळून ८.२५ किलोची मर्यादा. .२८४ एफ-ओपन गटात, पुढे जड रेस्ट (टेकू), मर्यादा १० किलो. एफ-ओपनच्या स्टॉकचा पुढचा भाग तीन इंच रुंद आणि सपाट असतो, रेस्टवर रुळावरून सरकल्यासारखा मागे यावा म्हणून. एफ-टीआरचा अरुंद स्टॉक त्या रेस्टवर डावी-उजवीकडे कलंडतो. तीन इंची पट्टी स्क्रूने लावून पाहिली, तरी दस्त्याची खालची रेषा बॅरलला समांतर नसल्यामुळे धक्क्याबरोबर नेम जागचा सरकायचाच. शिवाय वजन. सव्वा इंच व्यासाच्या सरळ नळीचा प्रत्येक इंच सुमारे १५० ग्रॅम भरतो. ३२ इंची जाड नळी चढवली की तोल सगळा पुढे. आणि तिसरी अडचण ॲक्शनच्या खिडकीची: १८० ग्रेन वजनाची लांबुडकी ७ मिमी गोळी भरलेलं काडतूस आत जातं, पण न उडवता बाहेर काढायचं झालं तर टोक खिडकीच्या कडेला अडतं. सामना मध्येच थांबवला गेला की बोल्ट काढून काडतूस मागून घ्यावं लागायचं. तेव्हा .२८४ ला लांब ॲक्शन आणि स्वतःचा स्टॉक मिळाला. .३०८ आणि ६ बीआर मात्र त्याच दुपायीवर, त्याच आसनात, त्याच ट्रिगरवर छान नांदतात. ६०० यार्डांच्या स्थानिक सामन्यांना ६ बीआर आणि एफ-टीआरला .३०८.

एक हिशेब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तीन बॅरलं असली तरी ट्रिगर एकच. तो सामन्याच्या सकाळी अडला तर तिन्ही बॅरलं घरी ठेवण्याच्या लायकीची. फायरिंग पिनची स्प्रिंग, दुर्बिणीचा बुरूज (नेम सरकवायची गोल चावी), स्टॉकचा स्क्रू, सगळ्यांचं तसंच. दुसरी रायफल ही खरी राखीव असते, दुसरं बॅरल ही राखीव नव्हे. घरात नेमबाज दोन असतील तर प्रश्नच मिटतो, एका ॲक्शनवर दोघं एकाच वेळी उडवू शकत नाहीत.

उघड्या साइटवर उडवणाऱ्यांना आम्ही बदलाच्या भानगडीत न पडण्याचाच सल्ला देतो. त्यांची मागची साइट ॲक्शनवर, पुढची बॅरलच्या टोकावर. प्रत्येक बॅरलला पुढच्या साइटचा पाया हवा, तो खांदा आवळल्यावर बरोबर बाराच्या ठोक्याला यायला हवा, आणि बॅरलची लांबी बदलली की दोन साइटमधलं अंतर बदलून साइटच्या एका टिचकीने नेम किती सरकतो तेही बदलतं. पाया दोन अंश कलला तरी ३०० यार्डांवर शून्य केलेली रायफल ९०० वर बाजूला मारते.

.२२ च्या नेमबाजांचं तर सगळंच निराळं. स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकल्यापासून कोल्हापूर-पुण्याकडची मुलं हा प्रश्न विचारतात, म्हणून सांगतो. रिमफायरमध्ये (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसतो अशा रायफलींत) एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, खाचा बॅरलच्याच तोंडात कापलेल्या असतात, त्या बोल्टशी अचूक जुळायला लागतात. त्यामुळे कुठल्याही जागी आवळून चालत नाही, आणि बरीच .२२ बॅरलं आट्यांवर नसून पिनांवर किंवा क्लॅम्पवर बसतात. तिथे बॅरल हजारो गोळ्या टिकतं, खर्च काडतुसांचा चांगला लॉट शोधण्यात करावा.

घरच्या घरी वारंवार बदलायचंच असेल तर त्यासाठीच घडवलेल्या रायफली आहेत. ब्लेझर आर८ मध्ये बॅरल दोन नटांवर बसतं आणि दुर्बीण बॅरलवरच चढते, त्यामुळे शून्य बॅरलबरोबर फिरतो. अर्थात प्रत्येक बॅरलला दुर्बीण हवी, म्हणजे वाचलेले पैसे तिकडे गेले. ॲक्युरसी इंटरनॅशनलच्या क्विकलॉकमध्ये बाजूचा एक स्क्रू ॲलन कीने सैल केला की बॅरल हाताने निघतं.

कायद्याने हा प्रश्न देशागणिक बदलतो. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने बंदूक म्हणजे ॲक्शन. बॅरल हा नुसता सुटा भाग, तो पार्सलने घरी येतो. ब्रिटनमध्ये बॅरल परवान्यावर चढवावं लागतं, जादा बॅरलला जादा जागा मागावी लागते, आणि विकायच्या नव्या बॅरलवर दाबाची चाचणी घेणाऱ्या प्रूफ हाउसचा ठसा लागतो. भारतात १९५९ च्या आर्म्स ॲक्टमधल्या ‘आर्म्स’च्या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे बॅरल परदेशातून पिशवीत घालून आणायची वस्तू नाही. आधी परवाना, मग खरेदी. तिथे ‘बॅरल स्वस्त पडतं’ हा मुद्दा कागदपत्रांतच अर्धा विरघळतो.

काढून ठेवलेलं बॅरल कसं ठेवायचं, तेवढं राहिलं. तांबं आणि कार्बन साफ करून आतून तेलाचा हलका हात. आट्यांवर प्लॅस्टिकची टोपी, तोंडावर दुसरी. पीव्हीसीच्या नळीत सिलिका जेलच्या पुडीसह आडवं. बॅरलं बहुतेक ४१६ आर स्टेनलेसची असली तरी ‘स्टेनलेस’ या शब्दावर विसंबू नये. रत्नागिरी-पणजीसारख्या खाऱ्या हवेत त्यांच्यावरही तांबूस ठिपके येतात, आणि ते आधी चेंबरच्या कडेला येतात. नळीवर चिठ्ठी: काडतूस, पीळ, आतापर्यंतच्या गोळ्या, थ्रोटचं शेवटचं माप, बुरुजाचा आकडा. पुन्हा चढवताना तेल आधी कोरड्या पॅचने पूर्ण काढायचं. तेलकट नळीतून गेलेली पहिली गोळी कुठे जाईल ते वहीतलं कुठलंच पान सांगत नाही.